नरहरीने टाकी भरली

कुठल्याशा गावी नरहरी नावाचा एक भोळा माणूस राहत असे. भोळा असं गावातले लोक म्हणत. त्याची बायको इंदू हिच्याजवळ त्यासाठी दुसरा शब्द होता, पण लग्नाला दोनच वर्षं झाली होती म्हणून तो ती मनातच म्हणे.

इंदू बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. नरहरी एकदा जाऊन बघून आला, पण पोर झोपलेली होती आणि सासूबाईंनी हात लावू दिला नाही. शुक्रवारी इंदू तिला घेऊन घरी यायची होती. अट एकच. न्हाणीघरावरच्या माळ्यावर पाण्याची टाकी होती. तिच्यातलं घाण पाणी पिऊन मागच्या साली इंदूला कावीळ झाली होती. टाकी घासूनपुसून, स्वच्छ पाण्याने भरलेली दिसली नाही, तर ती पोरीला घेऊन आल्या पावली परत जाणार होती. नरहरीने बियाण्यांच्या दुकानातून आठवडाभर रजा काढली. मालकाने ती हसत दिली.

सोमवारी सकाळी नऊला नळाला पाणी आलं. टाकीत एक प्लास्टिकचा गोळा असतो. पाणी चढलं की गोळा चढतो आणि आत येणारं पाणी आपोआप थांबतं. नरहरीच्या टाकीतला गोळा अडकून बसला होता. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. टाकी काठोकाठ भरली आणि पाणी माळ्यावरून खाली कोसळू लागलं. नरहरीने खाली बादली लावली. बादली भरली. पाणी वाया जाऊ नये म्हणून तो ती घेऊन शिडीने वर चढला आणि टाकीत ओतली. पाणी जाईपर्यंत त्याने हेच केलं. एकोणीस बादल्या झाल्या.

मग त्याने इंदूला फोन करून आपली मेहनत सांगितली. इंदूने ऐकून घेतलं.

"अहो, पाणी वाहताना दिसलं की आधी व्हॉल्व बंद करायचा. दाराबाहेर, मीटरजवळ आहे तो."

"आत्ता कळलं," नरहरी म्हणाला.

दुपारी बशीरचाचा आले. चाचा गावातले जुने प्लंबर, अंगाने इतके वाळलेले की कुठल्याही टाकीत मावत. त्यांनी टाकी रिकामी केली, पाइप मोकळा केला, नवा गोळा बसवला आणि उद्या टाकी भरून ठेवायला सांगितली.

मंगळवारी नऊच्या आधीच नरहरी शिडीवर बॅटरी घेऊन बसला. पाणी आलं. पाइपातून टाकीत वाहताना त्याला स्पष्ट दिसलं. तो धावत खाली आला, दाराबाहेर गेला आणि व्हॉल्व बंद केला. वर येऊन पाहतो तो पाणी थांबलेलं. त्याला फार बरं वाटलं. दिवसभर घरात तांब्याभर पाणी नव्हतं. चहा त्याने शेजारी प्यायला.

"अहो, टाकी भरत असताना मधे हात घालायचा नसतो," इंदू फोनवर दात आवळून म्हणाली. "भरेपर्यंत नुसतं बघत बसायचं."

"आत्ता कळलं."

बुधवारी तो बघत बसला आणि टाकी खरंच भरली. चाचांनी ब्लीचिंग पावडर टाकली. तासाभराने स्वयंपाकघरातला नळ सोडून सगळं पाणी काढून टाका, असं बजावून ते दुसऱ्या कामाला गेले. नरहरीने तासाभराने नळ सोडला. मोरीच्या तोंडात फडक्याचा बोळा अडकला होता. मोरी भरली. पाणी फरशीवर आलं. नरहरी स्टुलावर पाय वर घेऊन बसला आणि बघत राहिला. प्लास्टिकचे डबे तरंगू लागले. शेवयांचा डबा तर देव्हाऱ्यापर्यंत जाऊन आला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की खोली अजून भरलेली नाही.

संध्याकाळी त्याने हेही इंदूला फोनवर सांगितलं. मागे पोरीचं रडणं ऐकू येत होतं. इंदू म्हणाली की पाणी अडलं, तर जे अडवतंय ते आधी उपटून काढायचं, एवढं बारक्या पोरालाही समजतं.

"आत्ता कळलं," नरहरी म्हणाला. पोरीला फोनजवळ धर, असंही तो म्हणणार होता, पण फोन ठेवला गेला होता.

गुरुवारी टाकी पुन्हा भरली. काठाशी येताच पाणी थांबलं. काय अडवतंय म्हणून नरहरीने वाकून पाहिलं. नवा गोळा. त्याने तो दांडीसकट उपटून काढला. त्या झटापटीत टाकीचं झाकण खाली पडलं आणि माळ्यावरची पाल टाकीत.

या वेळी इंदूचा आवाज अगदी हळू होता. चाचांना उद्या आठला बोलवा, टाकी पुन्हा धुऊन घ्या, गोळा बसवून घ्या, असं तिने सांगितलं. "आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. बाहेरचं काही आत जाता कामा नये, आतलं काही बाहेर येता कामा नये. एवढं जमलं तरच पोरीला आणते."

नरहरी रात्रभर ते घोकत होता.

शुक्रवारी चाचा आले. नरहरीने घराच्या दाराला कडी घातली. चाचांनी टाकी रिकामी केली, पाल काढली, आत उतरून टाकी लख्ख घासली, धुतली, गोळा बसवला. "झालं. नरहरीभाऊ, जरा हात द्या," ते म्हणाले. टाकीच्या तोंडातून दोन हात आणि एक डोकं वर आलं. आतलं बाहेर येत होतं. नरहरीने झाकण लावलं आणि वर बसला.

"भाऊ, मी आत आहे."

"म्हणूनच तर, चाचा."

नऊ वाजले. पाणी आलं. टाकीतून दणादण आवाज येऊ लागला. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. इंदूने कडी वाजवली, हाका मारल्या, आतला दणदणाट ऐकला आणि खिडकीतून विचारलं की टाकीत कोण आहे. नरहरीने खरं ते सांगितलं. इंदू पोरीला छातीशी धरून मीटरकडे धावली आणि तिने व्हॉल्व बंद केला.

"चाचांना आधी बाहेर काढा," ती म्हणाली.

बायकोचा शब्द मोडवेना. नरहरी झाकणावरून उठला. चाचा गुडघ्यापर्यंत भिजून खाली उतरले, कडी काढून बाहेर गेले, आणि हत्यारांची पिशवी न्यायलाही थांबले नाहीत.

दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर इंदू उभी होती. पोर जागी होती आणि टकामका नरहरीकडे बघत होती. त्याचं काळीज लोण्यासारखं झालं. हात पुढे करणार तोच त्याला आठवलं, की सांगितलेल्यातलं अर्धं आपण आत्ताच मोडलंय. उरलेलं अर्धं तरी पाळायलाच हवं.

"इंदू, तू बाहेरची," तो मायेने म्हणाला, आणि त्याने दार लावून कडी घातली.

रिक्षा वळून गेल्यावर त्याने बाहेर जाऊन व्हॉल्व सोडला. टाकी गळ्यापर्यंत भरली. गोळ्याने पाणी वेळेवर थांबवलं. झाकण घट्ट बसलं. संध्याकाळी त्याने सासुरवाडीला फोन लावला.

"इंदू, सगळं तू सांगितलंस तसं झालंय. आता पोरीला घेऊन कधी येतेस?"