ओहोटीची हाक

वेळ संध्याकाळची, ऊन उतरलेले. ठिकाण खाडीच्या तोंडाजवळचा समुद्रकिनारा. ओहोटी लागली होती आणि पाण्यात दोन कुत्रे पोहत होते. त्यांपैकी एकच परत आला.

मुलांनो, त्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात हे दोन थोराड कुत्रे राहत असत. काळा भाऊ आणि त्याची धाकटी, तांबडी बहीण. अंगाने वासराएवढे, केस दाट, पंजे रुंद. इतर कुत्री लाटेवर लांबून भुंकत. हे दोघे लाट दिसली की तिच्यात घुसत. बहीण नेहमी पुढे. बाहेर आले की नेमके कोणाच्या तरी शेजारी उभे राहून अंग झाडत. बकरी म्हणे, "अरे, पाऊस पाडायला तुम्हाला माझीच पाठ सापडते का?" पण ती तिथून हलत मात्र नसे. त्या दोघांना पोहताना पाहिले की पाण्याला घाबरणाऱ्यालाही बरे वाटे.

पोहण्यात धोका नव्हता असे नाही. ओहोटीला खाडीचे सगळे पाणी समुद्राकडे धावते आणि तोंडाजवळ अशी ओढ लागते की तिथे बैलही टिकू नये. ही ओढ पाण्यातल्याला उशिरा कळते, उंचावरून पाहणाऱ्याला आधी दिसते. म्हणून किनाऱ्याने राखणदार नेमला होता. काळ्या खडकावर बगळा उभा राही. ओढ दिसू लागली की तो दोनदा ओरडे, आणि मग पाण्यात कोणी थांबत नसे. त्याबद्दल पोहायला येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे एक मासा ठेवी. जुनी रीत होती आणि चांगली चालली होती.

मग एकदा पंचायत बसली. पंचायतीचा मुख्य कोल्हा, जो स्वतः कधी पाण्यात उतरत नसे. तो म्हणाला की रोज मासा आणायचा त्रास कशाला? खडकाखालचे डबके बगळ्याला देऊन टाका. ओहोटीला त्यात मासे अडकतात, त्यावर तो पोट भरील. सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकटात सुटका होत असेल तर मान डोलवायला वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी भावाच्या पायाखालची वाळू सरकू लागली तेव्हा त्याने खडकाकडे पाहिले. बगळ्याची मान डबक्यात होती. बहीण तोवर खाडीचे तोंड ओलांडून गेली होती. भाऊ तिच्यामागे गेला, तिची मान दातांत धरली आणि होते नव्हते ते बळ लावून पाय मारू लागला. पण ओढ दोघांपेक्षा मोठी होती.

"दादा, सोड मला," ती म्हणाली. "दोघांनी जाऊन काय होणार?"

त्याने सोडले नाही. लाटेने सोडवले. त्याला लाटेने वाळूच्या उथळ दांड्यावर फेकले. बहिणीचे काय केले, ते समुद्रालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. कोल्ह्याने दुःख व्यक्त केले. ते तो छान करतो. मग त्याने काळ्या कुत्र्याला विचारले की एवढ्या आत जायची गरज काय होती. घरातल्या थोरल्याने धाकटीला आवरायला नको का?

कुत्रा म्हणाला, "कोल्होबा, आम्ही रोज तिथेच पोहत होतो आणि रोज हाक ऐकून बाहेर येत होतो. काल हाक आली नाही. का आली नाही, एवढेच मला सांगा."

बगळ्याने आपण हाक मारल्याचे सांगितले. वाऱ्यात ऐकू गेली नसेल, असेही सांगितले. तेव्हा खडकाच्या कपारीत राहणारा खेकडा पुढे आला. वारा पडलेला होता, तो म्हणाला, आणि बगळ्याच्या चोचीत मासा होता. चोचीत मासा असताना ओरडता येत असेल तर त्याने आत्ता ओरडून दाखवावे.

कोल्हा हसला. "ज्याची चाल तिरकी, त्याची साक्ष सरळ कशी मानायची?"

"चाल तिरकी आहे, डोळे नाहीत," खेकडा म्हणाला. "आणि एकट्या बगळ्याला धरून भागणार नाही. मासे डबक्यात अडकतात ते ओहोटीला. त्याने जरा उशीर केला की ते घारी उचलतात. म्हणजे हाक मारायची वेळ आणि जेवायची वेळ तुम्ही एकच करून ठेवलीत. ही अक्कल कोणाची?"

सगळे वाळूकडे पाहू लागले. काळा कुत्रा म्हणाला, "तेव्हा मीही मान डोलावली होती. माझी चूक मी सांगितली. आता तुमची सांगा."

कोल्ह्याने अंधार पडत आल्याचे कारण देऊन निकाल सांगून टाकला : यापुढे मोठ्या कुत्र्यांनी पाण्यात उतरायचे नाही, त्यांच्यामुळे इतरांना नाद लागतो. मुलांनो, हा निकाल नीट पाहून घ्या. बुडाली बहीण, चुकला राखणदार, चुकवले पंचायतीने, आणि बंदी कोणावर, तर भावावर.

भाऊ आता पोहत नाही. ओहोटी लागायच्या सुमारास तो वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसतो आणि खाडीच्या तोंडाकडे ओढ दिसू लागली की दोनदा भुंकतो. हे काम त्याला कोणी दिलेले नाही. त्याच्या भुंकण्याने आजवर बकरीची दोन पिल्ले आणि एक पाणमांजर वेळेवर बाहेर आली आहेत. निकाल मात्र तोच आहे.

यावरून घ्यायचे तात्पर्य : जो बुडाला त्याला जाब विचारण्याआधी, ज्याने हाक मारायची होती त्याला विचारा, आणि त्याच्याही आधी, नेमक्या हाकेच्या वेळी त्याच्या चोचीत घास देणाऱ्याला विचारा. कोल्ह्याला तो प्रश्न विचारून झाला आहे. उत्तर आलेले नाही, आणि खडकाखालचे डबके आजही बगळ्याकडेच आहे.