मालती कुठे गेली?

पोलंडची माऊगोझाता साताऱ्याच्या खराड्यांची सून झाली. कार्यालयात सकाळपासून कुणी तिला मालगोजा म्हटलं, कुणी मागोझा. नाव सांगून सांगून बिचारीचा घसा बसला. नवऱ्याचे चुलते बापूसाहेब, ज्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं, शेवटी म्हणाले, "आमची जीभ नाही वळत. आजपासून ही मालती!"

वरात घरी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. बापूसाहेब दार अडवून म्हणाले, "नाव घे, मगच आत."

लग्नाआधी मराठी शिकलेली ती थकल्या आवाजात, पण स्वच्छ म्हणाली, "पाय दुखले, दुखली मान, धैर्यशीलरावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान."

"शाबास! ये मालती, आत ये."

ती जागची हलली नाही. शालू सावरत म्हणाली, "काका, आधी मालतीला येऊ द्या. मी थांबते."

आत पाहुणे जेवायचे खोळंबले होते. सगळे बापूसाहेबांकडे बघू लागले. त्यांनी घाम पुसला.

"मा... माऊगो... माऊगोझाता, ये गं बाई आत!"

तिने माप ओलांडलं. सासूने हसू दाबत विचारलं, "आणि मालती गं?"

"ती दमली, आई. परत गेली."