करवंदीच्या जाळीतली वाट

एका राज्यात राजपुत्राची बोटं लाकडाची होऊ लागली. टिचकी मारली, की टक् वाजायची!

राजा शूरसेनाने कपाली मांत्रिकाला हद्दपार केलं होतं. जाताना त्याने टेकडीवर काळवृक्षाचं बी उधळलं. "एक झाड रुजेल, तुझ्या लेकाचं एक बोट लाकूड होईल. दहावं रुजेल, तेव्हा काळीज."

राजाने झाडं तोडली. उघड्या जमिनीत दुप्पट उगवली. आग लावली, राखेतूनही कोंब आले. झाडं झाली नऊ. राणी मृगावतीच्या तोंडचं पाणी पळालं.

टेकडीखाली करवंदीच्या जाळीत एक बुलबुल बोलला, "राणीसरकार, काळवृक्षाचं बी मीही सांडतो. पण माझ्या जाळीत एक तरी झाड दिसतं?"

राणीने वाकून पाहिलं. आत दिवसाही अंधार. कोंब सुतासारखे पांढरे पडून मेलेले.

"तीन कामं करा. टेकडीभर करवंदी लावा. तीन पावसाळे कोयता नको, शेळी नको. तोवर मीही काळफळाला चोच लावणार नाही. मग एकेक काळवृक्ष तोडा, पण आत रांगत जा. वाट पाडू नका."

तिसऱ्या पावसाळ्यानंतर जाळीत ससाही शिरेना. राणी रांगली, ओरबाडली. आठ झाडं पडली, आठ बोटं मऊ झाली. उरलं टेकडीच्या माथ्यावरचं एक.

राजाला मात्र धीर कुठला! "राणी रांगते, लोक हसतात. माहुता, जाळीत हत्ती घाल!"

हत्तीने सरळ वाट पाडली. जमिनीवर ऊन पडलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नऊ कोंबांनी माना वर काढल्या. नऊ नि माथ्यावरचं एक, झाली दहा!

दासी धापा टाकत आली. "सरकार, बाळराजांच्या छातीत टकटक वाजतंय हो!"



"बघता काय? फांद्या ओढा!" राणी राजावर कडाडली.

राजाने उघड्या हातांनी दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्या ओढून वाटेवर बांधल्या. सावली दाटली. कोंब पांढरे पडले, आडवे झाले. राणी रांगत माथ्यावर गेली आणि शेवटचं झाड पाडलं.

दुसऱ्या दिवशी राजपुत्राने करवंदाला हात घातला नि किंचाळला, "आईसाहेब, रक्त!"

दरबार हबकला. राणी त्या लाल थेंबाकडे बघून हसत सुटली, डोळे पुसत राहिली.

त्या टेकडीवर अजून वाट नाही. करवंदं हवी असली, तर राजालाही रांगावं लागतं.