तेंदूबनाला थेट प्रवेश

तेंदूबनात एक डोह होता, डोहात पाणमांजरं राहत होती, आणि डोहासकट सगळ्यांवर दौलतराव नावाच्या गव्याचं राज्य होतं. सगळे त्याला सरकार म्हणत. मी त्याच डोहातलं कासव. आजवर सात निवडणुका पाहिल्या, सरकार मात्र एकच पाहिलं.

फार उत्तरेला, जिथं पाणी दगडासारखं घट्ट होतं, तिथली जनावरं हिवाळ्यात बर्फावरची हॉकी खेळतात. पायांना पाती बांधायची, हातात वाकडी काठी धरायची आणि एक काळी चकती समोरच्याच्या जाळ्यात ढकलायची, एवढाच खेळ. पण त्याची व्यवस्था ऐकण्यासारखी आहे. सगळ्या जंगलांचे संघ चार गटांत वाटलेले असतात. नवा संघ चौथ्या गटात, म्हणजे तळाला. गटात पहिला आला की पुढच्या वर्षी वरच्या गटात, शेवटचा आला की खालच्या. कोण कोणाचा मेहुणा हे तिथं विचारतच नाहीत. नियम इतका सरळ असल्यामुळे आमच्याकडच्या जाणत्या मंडळींना त्यात काहीतरी काळंबेरं असावं असा संशय आला.

डोहातल्या भिवरा पाणमांजरीला मात्र हा खेळ फार आवडला. तेंदूबनात बर्फ नाही, तर तिनं काठावर चिखलाची घसरगुंडी केली. चकती नव्हती, तर वाळक्या कवठाचं टरफल घेतलं. सात-आठ पाणमांजरं जमवून ती तीन वर्षं त्या चिखलात घसरत होती आणि लोक तीन वर्षं हसत होते. दर हिवाळ्यात ती पोरं घेऊन चालत उत्तरेला जायची. पहिल्या वर्षी चौथ्या गटातून वर आली, दुसऱ्या वर्षी तिसऱ्यातून. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गटातले सगळे सामने जिंकले आणि शेवटचा एक उरला. तो जिंकला की पहिला गट. बर्फानं तिच्या डाव्या पायाची दोन नखं नेली होती, त्याबद्दल ती कधी बोलली नाही. त्या वर्षी उत्तरेला निघताना मला एवढंच म्हणाली, "कासवबुवा, वरच्या गटात आपलं नाव लागलं पायजे. कोनाच्या मेहेरबानीनं नाई, आपल्या पायानं."

मला ते ऐकून खरोखर बरं वाटलं. म्हातारपणी असं फारसं काही ऐकायला मिळत नाही.

इकडे ज्येष्ठात निवडणूक होती आणि सरकारांना काहीतरी भव्य हवं होतं. त्यांचा सचिव साळिंदर. त्याला लेखणी शोधावी लागत नाही, पाठीवरून एक उपटली की झालं. त्यानं हॉकीची नियमावली वाचली आणि कलम सतरावर त्याचे काटे उभे राहिले.

"सरकार, जे जंगल स्पर्धा भरवतं, त्याच्या संघाला पहिल्या गटात थेट प्रवेश मिळतो. आणि यजमान त्या वर्षी खालच्या गटातही जात नाही."

"हरला तरी?" सरकारांनी विचारलं.

"हरला तरी."

"न खेळता?"

"खेळल्यासारखं करावं लागेल."

सरकार बराच वेळ रवंथ करत राहिले. मग म्हणाले, "मग आपण इतकी वर्षं खेळत का होतो?"

यजमानपदाचा अर्ज गेला. 'आपल्याकडे बर्फ आहे काय?' या रकान्यात साळिंदरानं 'प्रस्तावित' असं लिहिलं. उत्तरेच्या महामंडळाला गरम प्रदेशात खेळ पोचवायचाच होता. मंजुरी आली. त्याच दिवशी एका रानबदकाच्या पायाला हुकूम बांधून भिवराकडे पाठवला: 'जंगल पात्र ठरले आहे. सामना न खेळता परत यावे.'

भिवरा आली ती थेट सचिवालयात.

"साहेब, एकच सामना रायला होता. जिंकनारच होतो आमी. काऊन बोलावलं?"

"अहो भिवराताई, अभिनंदन करायला बोलावलं. आपण पहिल्या गटात पोचलो. आता संघाला जिंकायची गरज उरली नाही."

"मंग आमी?"

"जिंकायची गरज नाही म्हटल्यावर जिंकणारे कशाला लागतात?" साळिंदर समजुतीनं म्हणाला.

नवा संघ निवडला गेला. सरकारांचा मेहुणा गोलरक्षक झाला, कारण तो जाळ्यासमोर उभा राहिला की जाळंच दिसत नसे. बाकीच्या जागी रानडुकरांचे तीन पुतणे, एक तरस आणि तरसाचं मित्रमंडळ. नियमाप्रमाणे खेळाडू आपल्या जंगलासाठी दोन हिवाळे खेळलेला असावा लागतो. साळिंदरानं दाखले दिले: 'सदर खेळाडू दोन हिवाळे बर्फावर खेळला असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे.' मैदानासाठी डोह ताब्यात घेण्यात आला. पाणमांजरांना काठावर, प्रेक्षकांच्या रांगेमागे, उभं राहायला जागा मिळाली. मला वय पाहून बसायला दिली.

आता तारीख. महामंडळानं पौष सुचवला होता. पण पौषात आमच्याकडे शुभकार्य करत नाहीत. माघात निवडणूक लांब पडत होती. शेवटी अक्षय्य तृतीया ठरली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, पंचांगही उघडावं लागत नाही. वैशाख आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मुहूर्ताला नाव ठेवणार कोण?

बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून याकांच्या पाठीवरून आल्या आणि पहाटे डोहावर पसरल्या. झाडाझाडाला फलक लागले: 'झाड तिथं बर्फ!' खाली सरकारांचं तोंड, त्याखाली मेहुण्याचं, त्याखाली बारकी बारकी चाळीस तोंडं. महामंडळाचा निरीक्षक नोरबू, हा एक हिमबिबट्या, जीभ बाहेर काढून सावलीत बसला होता. तो म्हणाला, "ऊन चढायच्या आत सुरू करा. तासभर बर्फ टिकेल."

"लगेच," साळिंदर म्हणाला. "एक छोटासा सत्कार आहे, तेवढा होऊ द्या."

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं, त्याची सात कडवी होती. मग एकेचाळीस मान्यवरांना शाल आणि श्रीफळ. वैशाखात शाल पांघरून एकेचाळीस जनावरं बर्फाकाठी घाम पुसत बसली. मग प्रास्ताविक. मग ज्यांचं नाव प्रास्ताविकात राहिलं होतं ते रागावले, म्हणून दुसरं प्रास्ताविक. नोरबू दर थोड्या वेळानं उठून विचारी आणि साळिंदर दर वेळी सांगे, "एकच मनोगत राहिलंय."

शेवटी सरकार उठले. "माझ्या तमाम चतुष्पाद बंधू-भगिनींनो! आधीच्या सरकारनं तुम्हाला कधी उन्हाळ्यात बर्फ दिला होता का?" आधीचे सरकारही तेच होते, त्यामुळे सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. ते दीड तास बोलले. आभारप्रदर्शन संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मैदानात लाटा उठत होत्या.

"मैदान किंचित ओलसर आहे," साळिंदरानं जाहीर केलं. "खेळाडूंनी काळजी घ्यावी."

पाहुणे पांढरे लांडगे काठावरच थांबले. त्यांच्याकडे पाणी बघून उतरायची पद्धत आहे. आमचा मेहुणा मात्र हार घालून डौलात चालत गेला, जाळ्यासमोरच्या उरलेल्या एकुलत्या लादीवर उभा राहिला, हात हलवला आणि लादी मोडताच तळाला गेला. पाठोपाठ त्याला बघायला गेलेले तीन पुतणे आणि मित्रमंडळ.

सगळे ओरडू लागले. एकेचाळीस शालींपैकी एकही हलली नाही. पाण्यात उडी मारली ती भिवरानं, आणि तिच्यामागून तिच्या पोरांनी. मेहुण्याच्या नाकात वेसणीसारखी अडकलेली हाराची दोरी धरून त्यांनी त्याला ओढत काठावर आणलं. मग एकेक करून सगळ्यांना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते डोहाचं नव्हतं.

भिवरा धापा टाकत नोरबूसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, तुमी पायलं. आमाले आमची जागा द्या. एवढंच म्हनतो."

नोरबूनं वही उघडली. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "तुमचा संघ शेवटचा सामना सोडून गेला. सामना सोडणाऱ्या संघाला वरच्या गटांत बंदी आहे. पुन्हा यायचं तर चौथ्या गटापासून यावं लागेल. आजचा सामना रद्द. यजमान खाली जात नाही, तेव्हा तेंदूबन पहिल्या गटात कायम."

लगेच दुसरे फलक लागले: 'पहिल्या गटात कायम! हार्दिक अभिनंदन!' पाणमांजरांना विनापरवाना मैदानात शिरल्याबद्दल नोटीस आली.

नोटीस वाचून भिवरा रडली नाही. ती निवडणुकीचा अर्ज मागायला गेली. मीही सोबत गेलो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"जरूर उभ्या राहा," साळिंदर म्हणाला. "पण या स्पर्धेतून आपण चांगलं ते घेतलंय. यंदापासून निवडणुकीतही चार गट. तुम्ही नव्या, म्हणजे चौथ्यात. तिथं पहिल्या आलात की पुढच्या निवडणुकीला तिसऱ्यात. पंधरा वर्षांत सरकारांच्या समोर याल."

"आन् सरकार?"

"निवडणूक कुणाच्या जंगलात भरतेय, ताई?" साळिंदरानं पाठीवरून एक लेखणी उपटली. "यजमानाला थेट प्रवेश असतो."

भिवरानं हात पुढे केला. मग म्हणाली, "द्या मंग चौथ्या गटाचा फारम. चढून तं आमी आलोच होतो एकदा." आणि तिनं ओल्या पंजानं सही केली.

ज्येष्ठात मतदान झालं. पहिल्या गटात एकच उमेदवार होता, तरी मतदान ठेवलं होतं, कारण आपल्याकडे लोकशाही आहे. मी पहाटेच निघालो. निकाल जाहीर झाला तेव्हा मी रांगेत होतो, माझ्यापुढे अजून मत न दिलेली हरणं होती, ससे होते, खारी होत्या. म्हणजे या खेपेला उशीर माझ्यामुळे झाला नव्हता.