बिनचूकबुवांच्या वीणेचे पडदे

फार फार पूर्वी, राजवाड्यांत दारं कमी आणि पडदे जास्त असत, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एक राजा होता आणि त्याच्या दरबारात एक वीणावादक होता. वादकाचं खरं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. सगळं राज्य त्याला बिनचूकबुवा म्हणत असे, आणि आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा त्यालाही हेच नाव जास्त आवडत असे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दारावर टांगतात तो पडदा, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. पण वीणेच्या दांडीवर पितळेच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांनाही पडदेच म्हणतात. बोट कुठे दाबलं की कुठला स्वर निघेल, हे त्या पडद्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शब्द एकच, वस्तू दोन. बुवांनी एके दिवशी तेवढं ध्यानात ठेवलं नाही, म्हणून ही गोष्ट घडली.

बुवांची वीणा खर्जाची होती. तिच्या जाड तारा छेडल्या की आवाज कानांआधी छातीला लागत असे. तिचे पडदे एका म्हाताऱ्या कारागिराने दांडीला कान लावून, एकेक खाच कोरून बसवले होते. कारागीर केव्हाच वारला. राज्य त्याला विसरलं आणि बुवाही विसरले. लोक म्हणत, बुवांचा स्वर कधी चुकत नाही. बुवा नुसते मान डोलावत.

बरं, आपण चुकत नाही एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं असतं तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी राजाकडून एक नियम करून घेतला होता. दरबारात ज्याचा स्वर चुकेल, त्याने आपल्या वाद्याच्या तारा आपल्याच हाताने उतरवायच्या, मागच्या दाराने निघून जायचं आणि पुन्हा या दरबारात पाऊल टाकायचं नाही. गाणाऱ्याचा स्वर चुकला तर त्याने तंबोऱ्याच्या तारा उतरवायच्या. कोण चुकलं हे बुवा ठरवत. चूक झाली की त्यांचा डावा डोळा बारीक होत असे. तो बारीक झाला की सगळा दरबार हळहळत असे आणि वाजवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळत असे. असे कितीतरी जण मागच्या दाराने गेले होते.

आणि घरात? बुवांची बायको लग्न होऊन आली तेव्हा गात असे. भाकऱ्या थापताना, अंगण झाडताना, कपडे वाळत घालताना तिचं गुणगुणणं चालू असायचं. बुवा ओसरीवर वीणा घेऊन बसलेले असत. तिथून म्हणत, "अगं, स्वर वर गेला." जरा वेळाने म्हणत, "आता खाली आला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते खरं तेच सांगत होते. काही दिवसांनी तिने गाणं सोडून दिलं, आणि ते सोडलं आहे हे बुवांच्या लक्षातही आलं नाही.

एकदा काय झालं, शेजारच्या राज्याची राणी पाहुणी म्हणून येणार असल्याची वर्दी आली. बुवांचं वादन ऐकायलाच ती मुद्दाम येत होती. वाड्यात एकच धांदल उडाली. राजाने पाहिलं तर पडद्यांवर बोटभर धूळ. त्याने फर्मावलं, "वाड्यातले सगळे पडदे आजच्या आज काढा. एकही राहता कामा नये."

हुकूम घेऊन एक गडी दालनादालनांतून फिरला. फिरत फिरत तो संगीतशाळेत आला. तिथे दाराखिडक्यांना पडदेच नव्हते. बुवा डोळे मिटून तारा लावत बसले होते.

"बुवा, महाराजांचा हुकूम आहे, सगळे पडदे काढायचे," गडी म्हणाला. "इथले पडदे कुठायत?"

बुवांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा कान तारेला लागलेला होता. फक्त शेवटचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचला. "इथे पडदे म्हणजे माझ्या वीणेचे," ते म्हणाले. "असे पडदे सगळ्या मुलखात शोधून सापडायचे नाहीत."

"मग तेच काढू?"

"काढ बाबा, काय काढायचं ते काढ," बुवा म्हणाले. त्यांना भूक लागली होती. वीणा ठेवून ते उठले आणि जेवायला घरी गेले. जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे थोडी वामकुक्षीही केली.

परत आले तेव्हा गडी वीणा मांडीवर घेऊन तिच्या दांडीला तेल चोळत बसला होता. दांडी आरशासारखी गुळगुळीत झाली होती. तिच्यावर एकही पडदा नव्हता.

बुवांनी वीणा त्याच्या मांडीवरून ओढून घेतली.

गडी मात्र खुशीत होता. "बघा बुवा, जमलंय की नाही? नुसते पडदे काढले तर खाचा दिसत होत्या. पाहुण्या काय म्हणतील? म्हणून लाखेत भुसा कालवून सगळ्या खाचा भरल्या आणि घासून सपाट केल्या. आम्ही मूळचे सुतारच. आता हात फिरवा, कुठे खाच होती ते तुम्हालाही सांगता यायचं नाही."

"पडदे," बुवा कसेबसे म्हणाले.

गड्याने टोपली पुढे केली. "चिंच लावून लख्ख केलेत. आता कुठला कुठे होता ते विचारू नका. सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे दिसतात."

बुवांनी टोपलीतले पडदे हाताने चाळून पाहिले. म्हातारा कारागीर आज असता तरी पुन्हा ते पडदे बसवायला त्याला एक हंगाम लागला असता. पाहुणी राणी उद्या सकाळी यायची होती. राजाला सांगावं तर काय सांगावं? 'काढ बाबा' हे शब्द कुणाचे होते, हे तर त्यांना पक्कं आठवत होतं.

पण थोड्या वेळाने त्यांना धीर आला. पडदे गेले म्हणून काय झालं, स्वर तर माझेच आहेत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते वीणा काखेत मारून घरी आले, ओसरीवर बसले, डोळे मिटले, आणि आयुष्यभर ज्या जागी बोट ठेवलं होतं त्या जागी बोट ठेवून त्यांनी तार छेडली.

निघाला तो स्वर नव्हताच. दोन स्वरांच्या मधलं काहीतरी होतं, बैल हंबरतो तसं.

बुवांनी पुन्हा छेडली. आता दुसरंच काहीतरी निघालं. बोट केसाएवढं इकडे सरकवलं तर स्वर वर जाई, तिकडे सरकवलं तर खाली येई. त्यांनी हात बाजूला घेतला आणि ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले. याच बोटांचं राज्यभर कौतुक होतं. ही बोटं कधी चुकली नव्हती, कारण त्यांना चुकायला जागाच नव्हती. बिनचूक होते ते पडदे. ज्यांना आपण मागच्या दाराने घालवलं त्यांच्यात गाणारे किती होते, हे बुवांना त्या क्षणी आठवलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने पडद्यांशिवायची वीणा पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि काय झालं ते तिला कळलं.

"अहो," ती म्हणाली, "गळ्याला कुठे असतात पडदे?"

बुवांनी वर पाहिलं.

"गाणाऱ्याला रोज असंच शोधावं लागतं. आधी स्वर मनात ऐकायचा, मग तिकडे जायचं. चुकलं तर तिथेच थिजून बसायचं नाही, सरकत सरकत पोहोचायचं."

"तू म्हणून दाखवशील?" बुवांनी विचारलं. हे विचारताना त्यांना आपला आवाज परका वाटला.

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतक्या वर्षांत गळा गंजून गेला होता. तिने खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. मग एक जाडाभरडा, थरथरता स्वर निघाला. तो आधी खाली लागला आणि मग हळूच चढत जाऊन जिथे असायला हवा होता तिथे टेकला. हा आवाज आपल्याच घरात होता आणि आपणच तो बंद पाडला, हे बुवांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी बोट तारेवर ठेवलं आणि तिच्या मागोमाग सरकवलं. दिवेलागणीपर्यंत दोघं तसेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बायकांची बसायची जागा एरवी जाड पडद्यामागे असे, पण धुतलेले पडदे अजून परसात दोरीवर ओलेच होते. त्यामुळे त्या दिवशी सगळ्या बायका समोरच बसल्या होत्या आणि बुवांना आपली बायको दिसत होती. पुढे होऊन कुणाला वीणेची दांडी निरखायची गरज वाटली नाही. बुवांची वीणा बिनचूकच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

बुवांनी वाजवायला सुरुवात केली. पहिलाच स्वर केसभर खाली लागला. पण ते थिजले नाहीत. बोट सरकवून त्यांनी स्वर गाठला. मग पुढचा शोधला, आणि त्याच्या पुढचा. कधी बोट थेट जागेवर पडे, कधी चुकून मग पोहोचे. दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर इतकं काही असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पाहुण्या राणीने डोळ्यांना पदर लावला. वादन संपलं तेव्हा सगळा दरबार उभा राहिला. राजाने आपल्या गळ्यातला हार काढला.

बुवा दरबाराकडे पाहत राहिले. इतक्या चुका झाल्या आणि कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही. त्यांचा डावा डोळा बारीक झाला नव्हता ना, मग चूक झाली हे दरबाराला कळणार कसं? इतकी वर्षं लोक स्वर ऐकत नव्हते, त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. तिने मात्र प्रत्येक चूक ऐकली होती. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तिचा चेहरा एकदाही वाकडा झाला नव्हता.

आता हार गळ्यात घालून घ्यायचा की नाही, एवढंच बुवांच्या हातात उरलं होतं. गप्प बसले असते तर नाव राहिलं असतं, आणि खरं काय ते फक्त बायकोला माहीत असतं.

"महाराज," बुवा म्हणाले, "हार ठेवा. मी आज चुकलो. एकदा नाही, पुष्कळ वेळा."

राजाला वाटलं बुवा थट्टा करतायत. "बुवा, आम्हाला तर काही ऐकू आलं नाही."

"मला आलं. आणि नियम माझाच आहे."

त्यांनी वीणेची पहिली खुंटी पिळली. तार सैल होऊन लोंबली. एकेक करून त्यांनी सगळ्या तारा उतरवल्या. पाहुणी राणी अर्धवट उठून उभी राहिली होती. राजाच्या हातातला हार तसाच राहिला. बुवांनी मुकी वीणा उचलली, बायकोला खूण केली, आणि ज्या मागच्या दाराने त्यांनी इतरांना पाठवलं होतं त्याच दाराने दोघं बाहेर पडली.

राजाने त्याच दिवशी नियम रद्द केला. पूर्वी गेलेल्या सगळ्यांना बोलावणी धाडली. बुवांच्या घरी तारा पाठवल्या, पण बुवा म्हणाले की बाकीचे परत येईपर्यंत माझी वीणा अशीच राहू द्या. काही जण परत आले. काहींनी निरोप पाठवला की आता गळा चालत नाही, हात वळत नाहीत. एका घरातून तर निरोप आला की ज्यांना बोलावणं आहे ते आता या जगात नाहीत. तो निरोप ऐकून बुवा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मोठ्या मुश्किलीने त्यांची समजूत घालून बायकोने वीणेला तारा चढवल्या. पडदे मात्र त्यांनी पुन्हा बसवले नाहीत. टोपली माळ्यावर पडून राहिली.

एका संध्याकाळी बायको तुळशीपाशी दिवा लावताना गुणगुणत होती. ओसरीवर बुवा बसले होते. तिचा एक स्वर जरा वर गेला. जुन्या सवयीने बुवांचा डावा डोळा बारीक होऊ लागला. त्यांनी तो पुरता मिटला, मग उजवाही मिटला, आणि ते ऐकत राहिले.

तात्पर्य: दुसऱ्याने आखून दिलेल्या जागी बोट ठेवून जो बिनचूक ठरतो, त्याने स्वतःची जागा शोधणाऱ्याच्या चुका मोजू नयेत.