गोल शिक्क्याचा दाखला

विषय : कु. नसीम तांबोळी, अंतिम वर्ष, हिला स्वतंत्र ऑनलाइन कामाच्या अनुभवाचे गुण देणेबाबत.
संदर्भ : तिचा अर्ज, तिसऱ्यांदा.

आमच्या विद्यापीठात मुलांना घरबसल्या ऑनलाइन कामं मिळवायला शिकवणारा अभ्यासक्रम निघाला, तेव्हा मी त्या विभागात कारकून होतो. गुण हवे तर मालकाचा सहीनिशी, गोल शिक्क्याचा दाखला जोडायचा, असा नियम होता. निकाल शुक्रवारी होता आणि नसीम तिसऱ्यांदा अर्ज घेऊन आली होती.

संचालक डॉ. मिरजगावकरांनी पेन आपटत विचारलं, "मालक कोण तुझा?"

"यात मालक नसतो सर, गिऱ्हाईक असतं."

"मग त्याची सही आण. हे माझ्या मागच्या भिंतीवरचं पोस्टर बघ. याला म्हणतात अनुभवी माणसाचं काम."

"ते मीच केलंय सर. आपल्या ऑफिसनं ऑनलाइन कामांच्या वेबसाइटवर हे काम टाकलं, ते मला मिळालं. म्हणजे गिऱ्हाईक आपणच. सही इथं करा."

"पुरावा?"

नसीमनं त्या कामासाठी ऑफिसकडून मोबाइलवर आलेली सूचना वाचली. "'संचालकांचा फोटो कुलगुरूंच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा ठेवा.' आपली सही असली तर हा पुरावा लागणार नाही. नसली तर जोडते. फाइल कुलगुरूंकडेच जाते ना?"

मी पोस्टरकडे पाहिलं. बोटभर म्हणजे बोटभरच होता.

संचालकांनी सही केली. पण नियमात शिक्का गोल आणि विभागाचा शिक्का चौकोनी. गोल शिक्क्याची मागणी भांडार विभागाकडे गेली. शुक्रवारी निकाल लागला, नसीमचा राखून ठेवला. मी निवृत्त झालो त्या दिवशीही अर्ज प्रलंबितच होता.