बेटाचा बांध

फार मागे, वेलापट्टण नावाच्या बंदरात अरिंदम राजा गादीवर असताना, बोधिसत्त्वाने एका दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रवाह. वडिलांच्या मागे त्याने गलबते सांभाळली, वारा आणि पाणी यांची खोड न खोड ओळखली. माणूस सुखी होता. पाठ टेकली की ज्याला झोप लागते, त्याला सुखीच म्हणायचे.

राजाही तसा वाईट नव्हता. त्याला सोन्याची भारी आवड होती, एवढेच. त्या आवडीला खतपाणी घालायला अमात्य पिंगळ होता. तो राजाला म्हणे, "महाराज, जगात सोने आहे तेवढेच आहे. दुसऱ्याकडे गेले की आपले कमी झाले. म्हणून विकायचे सगळ्यांना आणि घ्यायचे कुणाकडूनच नाही."

समुद्रापलीकडे मधुद्वीप नावाचे बेट राजाच्या ताब्यात होते. तिथले विणकर निळ्या काठाचे कापड विणत. तिथली मिरी आणि नारळही वेलापट्टणात येत. पिंगळाच्या सल्ल्याने राजाने दवंडी पिटवली. बेटावरचे माग बंद. लोकांनी फक्त कापूस पिकवावा, तो राजाच्या बंदराला राजा ठरवील त्याच दराने द्यावा, आणि अंगावरचे कापड वेलापट्टणाहून रोख सोने मोजून घ्यावे. बेटाचे दुसरे काहीही जो विकत घेईल, त्याला सूळ.

खजिना भरू लागला आणि राजा खूश झाला. त्याला एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही. गलबत हलके झाले की ते वाऱ्यात कलंडते. पूर्वी परतताना मिरीची पोती आणि नारळ तळाशी असत. आता परत यायचा तो नुसता कापूस आणि एक सोन्याची पेटी. म्हणून खलाशी तळाशी दगड भरत. या वजनाला ते नीरम म्हणतात. वेलापट्टणात पोचल्यावर कापडाला जागा करायची म्हणून तेच दगड धक्क्यावर फेकून देत. काही वर्षांत धक्क्याशेजारी दगडांची टेकडीच उभी राहिली. शेळ्या तिच्यावर चढून बसू लागल्या.

एकदा भद्रवाह कापड घेऊन बेटावर गेला, तर कापड उतरवून घ्यायला कुणीच पुढे येईना. विणकरांची मुख्य उत्पला नावाची बाई होती. माग बंद झाल्यापासून ती कापूस वेचत होती. भद्रवाहाने तिला विचारले, "उत्पलाताई, यंदा कुणाला कापड नको का?"

"सोनं संपलं, दादा. पोरींच्या कानातलंसुद्धा तुमच्या बंदराला गेलं. कापडाचं राहू दे. तू जरा माझ्याबरोबर चल."

तिने त्याला किनाऱ्याने नेले. तिथे खाऱ्या पाण्याला अडवणारा जुना बांध होता. त्याला जागोजागी खिंडारे पडली होती आणि आतल्या कापसाच्या शेतात पांढरे मीठ फुलले होते.

"सगळं बेट वाळूचं," उत्पला म्हणाली. "इथं दगड मिळत नाही. आमच्या पणज्यांनी हा एकेक दगड होडीतून आणला होता. तुमच्या खलाशांना हाताशी सापडला तो हाच. विहीर अजून गोड आहे. पुढच्या पुनवेला मोठं उधाण येईल, तेव्हा तीही जाईल. मग बेट सोडायचं. कुठं जायचं ते काही ठरलं नाही."

भद्रवाहाला खाली बघावेसे वाटले. तो म्हणाला, "माझ्या गलबतांनीही नेले असतील."

"नेले की! तुझे खलाशी तेवढे विचारून न्यायचे. आणि आम्ही नाही कसं म्हणणार? दादा, कापड नको आम्हाला. आमचे दगड परत आण."

भद्रवाह घरी आला. त्याने आपल्या सगळ्या गलबतांतले कापड काढले आणि धक्क्यावरच्या टेकडीचे दगड भरायला सुरुवात केली. बंदरात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. श्रेष्ठीचे डोके फिरले, दगड विकायला निघाला, असे जो तो म्हणू लागला. खरे तर त्या दिवसांत लोकांना हसायला फारसे कारण उरले नव्हते. सोने उदंड झाले होते, तांदूळ मात्र होता तेवढाच होता, म्हणून तो महागला. सरपणाचे लाकूडसुद्धा महागले. बेट कापड घेईना, तेव्हा वेलापट्टणाचे विणकरही हातावर हात धरून बसले होते.

पिंगळ धावत राजाकडे गेला. राजाने भद्रवाहाला बोलावले.

"त्या बेटाभोवतीच्या वाळूच्या दांड्यांतून गलबत न्यावे ते तूच," राजा म्हणाला. "दगड उतरव आणि माझे सैनिक भर. लोकांनी सोने पुरून ठेवले आहे असे पिंगळ म्हणतो. ते उकरून आण. बेटाच्या सगळ्या व्यापाराचा मक्ता तुला एकट्याला देतो. नाही म्हणालास तर सूळ आहेच."

भद्रवाहाने हात जोडले. "महाराज, मक्ता नको. सूळ कुठे पळून जात नाही, पण पुनवेचे उधाण थांबायचे नाही. आधी दगड पोचवतो, मग आपल्या पायाने परत येतो. विश्वास नसेल तर आपण गलबतावर चला."

अहो, मरणाच्या दारातला माणूस इतक्या शांतपणे बोलतो म्हणजे काय! राजाला नवल वाटले. शिवाय खजिन्याशेजारी बसून बसून तो कंटाळला होता. "चल, येतो," तो म्हणाला. समुद्र लागतो म्हणून पिंगळ मागेच राहिला.

पुनवेच्या सकाळी गलबते बेटाला लागली. दगड दिसताच बायकापुरुष कमरेइतक्या पाण्यात धावले. हातोहात दगड बांधाकडे जाऊ लागले. राजाने वाऱ्यामुळे मुकुट उतरवून ठेवला होता. तो काठावर उभा राहून पाहत होता.

"ए बाबा, बघत काय उभा राहिलास?" उत्पला ओरडली. "धर हा!"

आणि तिने भला थोरला दगड त्याच्या हातात दिला. राजाने तो पुढे दिला. मग दुसरा आला. राजाचे हात सोलवटले, पण त्याला बाजूला होऊ द्यायला कुणाला वेळ नव्हता. शेवटचे खिंडार बुजले आणि माध्यान्ही उधाण चढले. पाणी बांधाच्या माथ्याशी आले, तिथे थबकले आणि हळूहळू ओसरू लागले. उत्पलाने विहिरीतून पाणी काढले, ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "गोड आहे!"

लोक रडत रडत नाचले. राजालाही तहान लागली होती. एवढे चांगले पाणी आपण कधी प्यायलो नाही असे त्याला वाटले.

तो राजा आहे हे मग भद्रवाहाकडून कळले आणि लोक दोन पावले मागे सरले. उत्पला घरात गेली आणि निळ्या काठाचे एक उपरणे घेऊन आली. "महाराज, हे बंदी मोडून विणलं आहे. पण बांधाला दगड लावणाऱ्याला उपरणं द्यायची आमची रीत आहे. आता काय करायचं ते करा."

राजाने उपरणे खांद्यावर घेतले, बोटातली अंगठी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

भद्रवाह हळूच म्हणाला, "महाराज, बेटाचा माल विकत घेणाऱ्याला सूळ आहे."

राजा खदखदून हसला. "मग आता दोन सूळ लागतील, एक तुला, एक मला. पिंगळाला सांगा, लाकूड फार महाग झालंय, परवडायचं नाही."

बंदी उठली. माग पुन्हा चालू लागले. सोने बेटावर जाऊ लागले आणि वेलापट्टणाचे कापड, भांडी, तांदूळ घ्यायला तेच परत येऊ लागले. गलबते दोन्हीकडून भरून ये-जा करीत, म्हणून नीरम लागेनासे झाले. शेळ्यांची तेवढी गैरसोय झाली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवनातल्या विहारात सांगितली, ती चीवरांची, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांची, गाठोडी साठवणाऱ्या एका भिक्षूला. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे हाच भिक्षू. उत्पला म्हणजे पलीकडे बसलेली, काल आपले चीवर आजारी बाईला देऊन आलेली भिक्षुणी. भद्रवाह मी होतो."

"आणि पिंगळ, भंते?" कुणीतरी विचारले.

"तो अजून फिरतो आहे, ज्याच्या त्याच्या कानाशी."

तो भिक्षू उठला. गाठोडी सोडून त्याने चीवरे वाटायला सुरुवात केली आणि वाटता वाटता त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. ही कथा करुणेची आहे.